रिव्हॉल्वर घ्यावं की पिस्तूल

माझ्या माहेरी, सांगलीला, बंदूक कुणी हातात धरलेली नव्हती. सासरी तर उंदराच्या पिंजऱ्याला हात लावायचा तरी सासूबाई आधी देवाची क्षमा मागायच्या. अशा घरातली आम्ही दोघं नवराबायको सबंध एक महिना रिव्हॉल्वर घ्यावं की पिस्तूल यावर भांडत होतो, असं मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मला अजून हसू येत नाही.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. हे केंद्र सरकारच्या खात्यात होते, खाणींची तपासणी करायचं काम. बदली होऊन आम्ही जयपूरला आलो आणि गोपालपुऱ्याच्या बाजूला भाड्याने राहिलो. तेव्हा तिथे निम्मी शेतंच होती. मुलगी अकरा वर्षांची. तिचं मराठी म्हणजे "आई, मतलब, मी येते ना" असलं. मी रोज तिच्यावर ओरडायची आणि भाजीवाल्या भैयाशी बोलता बोलता घरी तिच्याशीही हिंदीत बोलायची.

जयपूरपासून तीन-चार तासांवर एक दगडाची खाण होती. ह्यांनी ती तपासली आणि मालकाला नोटीस काढली की वरचा कडा सुटलेला आहे, खाली माणसं उतरवू नका. मालकाने पोचपावतीवर सही केली नाही. "पहुँच गई समझिए साहब," म्हणाला, चहा पाजला, नोटीस खिशात घातली. ह्यांनी विश्वास ठेवला. तीन आठवड्यांनी कडा खाली आला आणि दोन मजूर त्याखाली गेले. मालक कोर्टात म्हणाला, मला नोटीस मिळालीच नाही. सबंध खटला आता एवढ्याच प्रश्नावर अडला होता, नोटीस त्याच्या हातात दिली की नाही. आणि ती देताना तिथे तिसरं माणूस नव्हतं. म्हणजे ह्यांचा शब्द, बस्स.

एक दिवस सकाळी मी फाटकाशी गवार घेत होते. मोटरसायकलवरून एक माणूस आला, स्वच्छ इस्त्रीचे कपडे, मला नमस्कार केला. "भाभीजी, बयान के दिन साहब की तबीयत ख़राब हो जाए तो सबके लिए अच्छा रहेगा," म्हणाला. मग त्याने भाजीच्या गाडीवरची एक गवारीची शेंग उचलली, मोडून बघितली आणि म्हणाला, "बिटिया तीन नंबर की बस से जाती है ना?" एवढं बोलून परत नमस्कार केला आणि गेला. माझी पाचावर धारण बसली. भैयाला पैसे दिले की नाही तेही आठवत नाही.

पोलीस म्हणाले, रोज शिपाई कुठून देणार, तुम्ही लायसन्स काढा. कलेक्टर कचेरीत कागदांचे ढीग गेले, आणि दोन-अडीच महिन्यांनी लायसन्स हातात आलं. कोर्टाची तारीख त्याच्यापुढे आणखी अडीच महिन्यांनी. तेव्हा आम्हाला वाटलं, चला, निम्मं काम झालं. कपाळ आमचं.

बंदुकीचं दुकान सी-स्कीम नावाच्या वस्तीच्या अलीकडे होतं. मालक म्हातारे, मिशा पांढऱ्या, बोलणं इतकं गोड की वाटावं बांधणीच्या साड्या विकतायत. आमच्याबरोबर सुभेदारसाहेब आले होते. ते साताऱ्याकडचे, मिलिटरी स्टेशनात असायचे, गणपतीच्या मंडळात ओळख झालेली. माणूस मोठ्याने बोलणारा आणि मनाचा साफ. मला वहिनी म्हणायचे आणि माझ्या हातच्या झुणक्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाहून सायकल मारत यायचे.

दुकानदाराने हिरव्या कापडावर दोन वस्तू मांडल्या. दोन्ही जुन्या, दोन्ही विलायती, दोन्ही बत्तीस बोअरच्या. एक रिव्हॉल्वर, मधे सहा घरांचं गरगरणारं चक्र. दुसरं पिस्तूल, चपटं, काळं, मुठीत मॅगझिन सरकवायचं.

"हुकुम, ये रखिए," दुकानदार पिस्तुलाकडे बोट करून म्हणाले. तिकडे अदबीने साहेबांना हुकुम म्हणतात. "सफारी के नीचे किसी को पता भी नहीं चलेगा. पर्स जैसा पड़ा रहेगा."

"अजिबात नाही," सुभेदारसाहेब म्हणाले. "वहिनी, ऐका माझं. तुम्हाला मिळणार ती काडतुसं जुनी. कधी आलेली, कुठे पडून राहिलेली, देव जाणे. पिस्तुलात एक गोळी फुसकी निघाली की ते बसलं अडून. मग वरचा भाग ओढा, गोळी बाहेर काढा, दुसरी आत घ्या. तोवर समोरचा काय विड्या ओढत बसणार आहे? रिव्हॉल्वरला काही नाही. परत घोडा दाबा, पुढची गोळी आपसूक येते."

"पण ते लपतं कुठे?" मी म्हटलं. "ते पोट बघा त्याचं. ह्यांच्या कमरेला गळू आल्यासारखं दिसेल."

सुभेदारसाहेब म्हणाले, दिसू द्या. हे म्हणाले, नाही, दिसायला नको, ऑफिसात लोक काय म्हणतील. जिवावर बेतलंय आणि ह्यांना ऑफिसातल्या लोकांची लाज! मी तिथेच चिडले. पण खरं सांगायचं तर माझीही तीच इच्छा होती. दिसलं म्हणजे आम्ही घाबरलोय हे सगळ्या गल्लीला कळणार.

मग दुकानदाराने पिस्तूल ह्यांच्या हातात दिलं आणि वरचा भाग मागे ओढायला सांगितला. ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं फार वर्षांपूर्वी खाणीत खाली उतरायच्या पाळण्याच्या दारात चिरडली होती, ती वळत नाहीत. ह्यांनी ओढलं. अर्ध्यावर आलं आणि हातातून सुटलं. परत ओढलं. परत सुटलं. तिसऱ्यांदा ओढताना ह्यांचे कान लाल झाले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, मोठाल्या पगड्यांची, ती अदबीने भिंतीकडे बघायला लागली. दुकानदार हळूच म्हणाले, "साहब, घर से भरके निकलिए. गोली नली में, और सेफ़्टी लगा दीजिए. बस अँगूठे का काम है."

"म्हणजे भरलेलं पिस्तूल घरात?" मी म्हटलं. "पोरगी आहे घरात!"

"मग रिव्हॉल्वर," सुभेदारसाहेब म्हणाले.

ह्यांनी रिव्हॉल्वर उचललं, रिकामं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे रोखून घोडा दाबला. तो इतका कडक की दाबता दाबता नळी कॅलेंडरावरून दारावर गेली. दाराशी मी उभी होते. हे माझ्याकडे बघून कसंनुसं हसले. आयुष्यात मला ह्यांची एवढी कीव कधी आली नव्हती आणि एवढा रागही आला नव्हता. त्या दिवशी आम्ही काहीच न घेता घरी आलो.

पुढचा महिना घरात दुसरा विषय नव्हता. हे पिस्तुलाच्या बाजूचे, कारण ते लपतं. मी रिव्हॉल्वरच्या बाजूची, कारण ते अडत नाही. हे म्हणायचे, जे बाहेर काढायची वेळच येऊ नये ते अडलं काय नि न अडलं काय. मी म्हणायची, मग घेताच कशाला, त्यापेक्षा खिशात अंगारा ठेवा. दर रविवारी सुभेदारसाहेब येऊन दोन्ही बाजू ऐकायचे आणि झुणका खाऊन परत रिव्हॉल्वरच म्हणायचे.

शेवटी मी एक युक्ती काढली. आठवलं की आज मलाच कसंतरी होतं. खलबत्त्याचा पितळी बत्ता घेतला. वजन साधारण रिव्हॉल्वरएवढं. त्याच्या मध्यावर जुन्या चिंध्या गुंडाळून तसंच पोट केलं आणि ह्यांच्या कमरेला पट्ट्यात खोचला. वर सफारीचा शर्ट. मग ह्यांना सांगितलं, चाला. हे पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात आले. खुर्चीवर बसले. उठले. स्कूटरवर बसून दाखवलं. मुलगी गृहपाठ सोडून बघत होती. "बाबा, उजवीकडे थोडा उठा हुआ दिखतंय," म्हणाली. तिला आम्ही सांगितलं होतं की बाबांच्या ऑफिसात नाटक आहे. पोरगी काय दुधखुळी नव्हती. तिने मान हलवली आणि पुन्हा नीट निरखून सांगितलं, "डावीकडे ठेवा ना. डावा हात नुसता लटकतो ना, उसमें छुप जाएगा."

तिचं बरोबर होतं. मी दोन्ही सफारींना आतून डाव्या बाजूला जाड कॅनव्हासचा खिसा शिवला, तोंड तिरकं, म्हणजे उजवा हात सरळ मुठीवर पडावा. मशीनची एक सुई मोडली. मग रिव्हॉल्वर घेतलं, म्हणजे मी जिंकले. वर्षाला मिळायची तेवढी मोजकी काडतुसं आणली. सुभेदारसाहेबांनी ह्यांना एका ओसाड नाल्यात नेऊन दोन गोळ्या मारायला लावल्या. एक मातीत गेली, दुसरी फुसकी निघाली. "बघा वहिनी, सांगितलं नव्हतं?" म्हणून ते लहान मुलासारखे खूश झाले.

खंडेनवमीला मी ह्यांची हातोडी, माझी शिवणाची मशीन, मुलीची कंपासपेटी आणि ते रिव्हॉल्वर अशी पूजा मांडली. कुंकू फक्त लाकडी मुठीला लावलं, सुभेदारसाहेबांनी बजावून ठेवलं होतं. झेंडूचं फूल वाहताना मी मनात म्हटलं, बाबा, तू काही करू नकोस, नुसता ह्यांच्याजवळ राहा. खरंच मला तेवढंच पुरे होतं. हे सकाळी बाहेर पडताना डावी बाजू जरा जड झालेली दिसायची आणि मला दिवसभर कामं सुचायची. पिठाच्या गिरणीत जाऊन यायची, शेजारणीशी दोन शब्द बोलायची. महिनाभर आम्ही असे माणसांसारखे जगलो.

मग लोकसभेच्या निवडणुका लागल्या.

पेपरात आलं की परवानाधारकांनी आपापली शस्त्रं ठाण्यात जमा करावीत. हे म्हणजे विजेचं बिल आलं त्या दिवशी भरणारे. बदलीच्या गावी पोचल्यावर सामान उतरवण्याआधी रेशनकार्डाचा फॉर्म भरणारे. सकाळी पेपर वाचला आणि लगेच रिव्हॉल्वर पिशवीत घातलं.

"अहो, थांबा की जरा," मी म्हटलं. "मुदत आहे ना अजून? सुभेदारसाहेबांना तरी विचारू."

"अगं, नियम आहे. शेवटच्या दिवशी गर्दी होते."

गर्दी होते म्हणून! मीही मूर्ख, त्यांच्याबरोबर गेले. का गेले माहीत नाही. पोचवायला आल्यासारखी गेले. ठाण्यातला हवालदार आमच्याकडे बघतच राहिला. "साहब, अभी तो लोग सोच रहे हैं, आप ले भी आए!" त्या अख्ख्या ठाण्यात शस्त्र घेऊन आलेलं पहिलं माणूस म्हणजे हे. हवालदाराने काडतुसं काढली, चिठ्ठी बांधली, कपाटात ठेवलं, पावती दिली. ह्यांनी पावती दोनदा वाचली, नंबर पडताळला. मला तर वाटतं, त्यांना मनातून बरंच वाटत होतं.

तेवढ्यात आतून ठाणेदार बाहेर आले. कागद बघून विचारलं, लायसन्स कशासाठी काढलं होतं. ह्यांनी सांगितलं. ठाणेदारांनी कपाळाला हात लावला. "आपको तो छूट मिल जाती, साहब! अर्ज़ी दे देते कि जान का ख़तरा है. अब तो जमा हो गया."

"आत्ता अर्ज दिला तर?" मी विचारलं.

"कलेक्टर साहब के पास जाएगी. और वो अब चुनाव में हैं."

घरी येईपर्यंत स्कूटरवर मागे बसून मी ह्यांच्या पाठीवर बडबडत होते, शहाणपणा नडला, सगळ्या जगाच्या आधी धावायची काय गरज होती, एवढे पगडीवाले बसलेत घरोघरी ते काय मूर्ख आहेत. हे स्कूटर चालवत राहिले. अर्ज केला, अर्थातच केला. तीन वेळा जाऊन आले. साहेब दौऱ्यावर. सुभेदारसाहेबांना हे कळलं तेव्हा ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "वहिनी, मला आधी का नाही सांगितलंत?" एवढंच.

तारीख आठ दिवसांवर आली. तो मोटरसायकलवाला परत आला, तसाच सकाळी, तसाच इस्त्रीचा शर्ट. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. फाटक न उघडता बाहेरूनच म्हणाला, "सुना है साहब ने सामान जमा करा दिया. अच्छा किया भाभीजी. बोझ ही था." आणि माझ्या हातातल्या मुलीच्या शाळेच्या फ्रॉककडे बघून हसला. घाणेरडं हसला नाही. अगदी घरच्यासारखं हसला. मेल्याचं ते हसू मी अजून विसरलेले नाही.

त्या दुपारी मुलगी शाळेतून आल्यावर मी तिला शेजारी पाठवलं आणि ह्यांच्यासमोर बसले.

"तुम्ही साक्ष द्यायची नाही."

"समन्स आहे. जावं लागेल."

"जा. पण आठवत नाही म्हणा."

"अगं, मी त्याच्या हातात दिली नोटीस. त्याने ती खिशात घातली. मला दिसतंय अजून."

"तुम्हाला दिसतंय ना? मला तीन नंबरची बस दिसते. दिवसभर तेवढीच दिसते."

हे म्हणाले, दोन माणसं गेलीत. मी म्हटलं, गेलीत ना, परत येणार आहेत का? हे बोलणारी मीच. दर संकष्टीला उपास करणारी, दारात आलेल्याला उपाशी न पाठवणारी. हे म्हणाले, त्या रिपोर्टवर माझी सही आहे. मी म्हटलं, सही तुमची असेल, पोरगी दोघांची आहे. मग मी रडले. भांडून रडले, पाया पडून रडले, जे जे म्हणून बाईला करता येतं ते सगळं केलं. ह्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. उठून गेले आणि नळाखाली उगाच हात धुवत राहिले.

कोर्टाच्या दिवशी मुलीला शाळेत न पाठवता सुभेदारसाहेबांच्या क्वार्टरवर ठेवलं आणि मी ह्यांच्याबरोबर गेले. दाराशी शिपाई सगळ्यांच्या पिशव्या बघत होता. आत हत्यार न्यायला बंदी होती. म्हणजे रिव्हॉल्वर असतं तरी तिथे काढूनच ठेवावं लागलं असतं. महिनाभर आम्ही डोकं फोडलं, बत्ते खोचले, खिसे शिवले, आणि एवढी साधी गोष्ट कुणाच्या मनात आली नव्हती. ना दुकानदाराच्या, ना सुभेदारसाहेबांच्या.

आत मागच्या बाकावर एक बाई बसली होती, घागरा, डोक्यावरून पुढे ओढलेली ओढणी. मेलेल्या दोघांपैकी एकाची बायको. तिच्या शेजारी तिचा म्हातारा सासरा. तो मोटरसायकलवाला तीन बाकं पुढे, वर्तमानपत्र मांडीवर.

सरकारी वकिलांनी विचारलं, नोटीस तुम्ही स्वतः मालकाच्या हातात दिली होती का?

ह्यांनी मागे वळून बघितलं. माझ्याकडे. मला मान हलवायची नव्हती. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला वाटलं, सांगून टाका हो, काय व्हायचं ते होऊ दे. पण माझी मान हलली. एवढीशी, डावीकडून उजवीकडे.

"मुझे ठीक से याद नहीं," हे म्हणाले.

वकिलांनी परत विचारलं, वेगळ्या शब्दांत. हे परत तेच म्हणाले. आवाज स्वच्छ होता. वकिलांनी कागद फायलीत टाकले, थोडं आपटूनच. मोटरसायकलवाल्याने वर्तमानपत्राची घडी घातली. पाच-सात मिनिटांत सगळं आटोपलं.

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. मी ह्यांच्याकडे बघत नव्हते, हे माझ्याकडे बघत नव्हते. मागून पैंजणांचा आवाज आला. ती बाई सासऱ्याचा हात धरून आमच्यापुढे आली आणि वाकली, थेट ह्यांच्या पायावर. ऑफिसचा शिपाई दिवाळीला पाया पडायला आला तरी हे मागे सरकायचे. त्या दिवशी सरकले नाहीत. सरकायचं सुचलंच नसेल.

"थे आया साब," ती म्हणाली. "म्हारै खातर कोई कोनी आवै." तुम्ही आलात, आमच्यासाठी कुणी येत नाही. एवढं मला तिची बोली येत नसूनही कळलं. तिला मात्र 'याद नहीं' एवढ्या शब्दांनी आत काय होऊन बसलं ते काहीच कळलेलं नव्हतं. मोठा साहेब उभा राहिला, वकिलाला उत्तरं दिली, म्हणजे तिच्या माणसाच्या बाजूनेच बोलला असणार.

मी तिला धरून उठवायला हवं होतं. बाई, ऊठ, ह्यांनी काहीही सांगितलेलं नाही, आणि ते माझ्यामुळे, असं म्हणायला हवं होतं. सगळे शब्द तोंडात होते, हिंदीतले सुद्धा. मी म्हटलं, "अहो, चला, पोरगी वाट बघत असेल."

ती उठली. ओढणी सारखी केली. मग माझ्याकडे वळली आणि वाकून तिने माझ्याही पायांना हात लावला.